गिरणेला वाहिलेली कार्डं

केळीच्या घडाला थांब म्हणता येत नाही. कापूस घरात भरून ठेवता येतो, ज्वारी कणगीत राहते, पण घड भरला की तो कापून वॅगनीत घालावाच लागतो. उशीर झाला तर झाडावरच साल तडकते, पोपट चोची मारतात, आणि वर्षाची मेहनत बांधावर गुरांपुढे पडते. म्हणून सावदा-रावेरकडच्या माणसाला नंबर या शब्दाची धास्ती असते. कापणीचा नंबर. तुझी बाग कधी कापायची, तुझा माल कोणत्या दिवशी दिल्लीच्या गाडीला लागायचा, ते ठरवणारा नंबर.

हा नंबर पूर्वी फळसंघाच्या कचेरीत कारकून लावत. ज्याची ओळख मोठी त्याची बाग आधी कापली जाई. मग सत्तरीच्या सुरुवातीला जळगावच्या एका कापडमिलमध्ये भाड्याचं गणकयंत्र आलं, संघाने त्यावर दुपारचे दोन तास मागून घेतले आणि नंबर यंत्र लावू लागलं. त्या यंत्राला नंबर लावायला शिकवलं अभयकुमारने. आणि त्याच्या मागे ते शिकवणं राखण्यासाठी जिने जिवाचं रान केलं ती त्याची बायको कुसुमलता. ही तिची हकीकत.

कुसुमलता चाळीसगावची, किराणा दुकानाच्या घरातली. मॅट्रिक झालेली. लग्नानंतर अभयकुमारनेच तिला मिलमध्ये कार्डं पंच करायला बसवलं. मारवाड्याची सून नोकरीला जाते म्हणून पेठेत कुजबूज सुरू झाली, तेव्हा तिची सासू सूरजबाई ओट्यावर येऊन उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "माझी बीनणी माझ्या मुलाबरोबर जाते. तुमच्या दुकानातलं काही उचलून नेते का?" कुजबूज तिथेच बसली.

कार्ड म्हणजे पोस्टकार्डाहून थोडं लांब, जाड कागदाचं पान. त्याला भोकं पाडायची. भोक कुठे पडलं त्यावरून यंत्राला अक्षर कळे. अभयकुमार माणसाला वाचता येतील अशा शब्दांत आज्ञा लिही. लागवडीची तारीख घे, घड निसवल्याची, म्हणजे झाडातून बाहेर पडल्याची, तारीख घे, दोन्ही ताडून पाहा, आधीची असेल ती वर घाल. मधूनमधून तो नुसत्या टिपांची कार्डं घाली. ही आज्ञा का दिली, याचा खुलासा त्यात असे. यंत्र त्या टिपा वाचत नसे. त्या पुढे येणाऱ्या माणसासाठी. तो लिही आणि कुसुमलता पंच करी. मग तो गठ्ठा यंत्रात घातला की यंत्र आपल्या भाषेत त्याचा उलथा करून दुसराच, लहानसा गठ्ठा बाहेर टाकी. त्या दुसऱ्या गठ्ठ्यात ना नावं, ना शब्द, ना टिपा. रोजचं काम त्यावर चाले. पण काही बदलायचं झालं तर पहिला गठ्ठाच हवा. म्हणून तो पहिला गठ्ठा आणि त्याची छापील प्रत अभयकुमारने लाल फडक्यात बांधून लोखंडी कपाटात ठेवली होती.

यंत्र आल्यावर दोनेक वर्षांनी श्रावणात अभयकुमारला कावीळ झाली. धुळ्याच्या मोठ्या डॉक्टरकडे नेलं. परत आणलं ते पांढऱ्या कापडात. सूरजबाई रडली नाही. ती एवढंच म्हणाली, "बीनणी, त्याचं काम चालू आहे ना? मग तो आहे." कुसुमलताही त्याच आधारावर महिन्याभरात पुन्हा यंत्रापुढे जाऊन बसली.

खंडेनवमीला मिलमध्ये सगळ्या यंत्रांची पूजा होते. मागांना हार, इंजिनाला हळदकुंकू, सुताराच्या करवतीलाही फूल. गणकयंत्राच्या खोलीतला शिपाई झिपरू धुळ्याकडचा, मनाने भाबडा. अभयकुमारला तो देवमाणूस म्हणे. तो म्हणाला, "ताई, साहेबनी विद्या पाटवर ठेऊ. नुसतं लोखंड काय पुजतस?" कुसुमलतेला ते पटलं. तिने स्वतः कपाट उघडून लाल फडक्यातलं बोचकं त्याच्या हातात दिलं. झिपरूने ते पाटावर ठेवून त्याला हळदकुंकू वाहिलं, अक्षता वाहिल्या, नारळ फुटला आणि त्याचं पाणी फडक्यावर सांडलं.

दसऱ्यानंतर मिल उघडली. कपाटात बोचकं नव्हतं.

"झिपरूभाऊ, साहेबांची कार्डं कुठे ठेवली?"

"ती? ती भिजीसन फुगी गयथी ताई. शाई बठ्ठी पसरी गयथी."

"असू दे. आणा तर. उन्हात वाळवू."

झिपरू हसला. काहीतरी चांगलं केल्याचं हसू होतं ते. "पूजा करेल वस्तू रद्दीमा कशी टाकू? देवना निर्माल्यसंगे बांभोरीना पूलवरथीन गिरनामायमा सोडी दिन्ही. हात जोडीसन."

कुसुमलता खुर्चीवर बसली. तिला झिपरूवर रागावताही येईना. घरात जुनी पोथी जीर्ण झाली की तीही अशीच नदीत सोडतात. तिनेही माहेरी सोडली होती.

त्यातही काही दिवस निभावलं असतं. दुसरा गठ्ठा यंत्राच्या खणात होता आणि तो नंबर लावत होता. पण संक्रांतीच्या तोंडावर रेल्वेने कळवलं की आता रोज थोड्या वॅगनी मिळणार नाहीत, ठराविक वारी पूर्ण गाडी मिळेल. म्हणजे नंबर लावायची रीतच बदलावी लागणार. आणि बदलायचं कशात, तर जे नदीतून वाहून गेलं त्यात.

यंत्र-खात्याचे प्रमुख इंदरचंदजी. माणूस वाईट नव्हता, भित्रा होता. त्यांनी मुंबईला फोन लावून यंत्रवाल्या कंपनीच्या माणसाला विचारलं आणि फोन ठेवून म्हणाले, "ते हसले, कुसुमबाई. म्हणाले, दुसऱ्या गठ्ठ्यावरून पहिला कधी होत नाही. घाण्यातून तेल काढल्यावर पेंडीची पुन्हा शेंग होते का?"

"शेंग होत नसेल," ती म्हणाली. "पण पेंड चाखली की भुईमुगाची की तिळाची, एवढं तरी कळतं ना?"

"चाखत बसाल तोवर संघ थांबायचा नाही. होळीला गाडी सुरू. नाही जमलं तर नंबर पुन्हा कचेरीत जातील. अभिमननानांना तेच हवंय, तुम्हाला ठाऊक आहे."

अभिमननाना म्हणजे संघाचे अध्यक्ष. नंबर कचेरीत आले की कुणाची बाग आधी कापायची ते पुन्हा त्यांच्या हातात. नंबर कचेरीत गेले म्हणजे अभयकुमारचं काम संपलं. सासूला काय सांगणार होती ती? तो आता खरंच गेला?

तिने दुसरा गठ्ठा यंत्रातून कागदावर छापून घेतला. कागदावर नुसती अक्षरं आणि आकडे, मुंग्यांच्या रांगेसारखे, ना सुरुवात कळे ना शेवट. पण अभयकुमारने तिला थोडंफार सांगून ठेवलेलं होतं. ए म्हणजे मिळव. एस म्हणजे वजा कर. सी म्हणजे ताडून पाहा. बी म्हणजे तिकडे उडी मार. प्रत्येक अक्षरापुढे यंत्राच्या पोटातल्या जागेचा पत्ता. ती एकेक आज्ञा सोडवी, पत्त्याच्या जागी जाऊन काय आहे ते पाही, परत येई. अभयकुमारने त्या जागांना नावं दिलेली होती. यंत्राने नावं खाऊन टाकली होती. मग ती आपली नावं देई. काही तिला आठवत. पंच करणाऱ्या बोटांना आठवत असं म्हणणं जास्त खरं. मशीनवर हात ठेवला की एखादा शब्द बोटांतून आपोआप उमटे आणि ती दचके, कारण तो त्याचा शब्द असे.

बाकीच्या ठिकाणी मात्र भिंत. एका उडीमागून गेलं की दुसरी उडी, तिच्यामागून तिसरी, आणि फिरून पहिल्याच जागी. कैकदा तिने कागद डोक्याला लावून डोळे मिटले. घरी जेवण उतरेना. सूरजबाई ताटावर बसून विचारी, "कुठवर आलं?" आणि ती म्हणे, "येतंय." येत नव्हतं.

मग हळूहळू येऊ लागलं. तारखांचा भाग सुटला, वॅगनींचा सुटला, गावांचा सुटला. शेवटी मधल्या एका कोपऱ्यात तिला एक आज्ञा भेटली जी तिच्या बोटांना अजिबात आठवेना. सी. ताडून पाहा. कशाशी? तिने पत्त्याच्या जागी पाहिलं. तिथे आकडा होता, चारशे अठरा. आणि ताडून जुळलं तर एस. तारखेतून पंधरा दिवस वजा.

ती पुन्हा पुन्हा त्यावरून गेली. अर्थ दुसरा निघेना. संघाचा चारशे अठरावा सभासद समोर आला की यंत्र त्याला पंधरा दिवस पुढे सरकवत होतं. शेकडो सभासदांत एकट्याला.

ही कार्डं तिने पंच केलेली नव्हती. प्रत्येक कार्ड तिच्या हातून गेलं होतं, एवढी तीन-चार सोडून. ती त्याने स्वतः पंच केली होती, तिच्या नकळत.

तिने सभासदांच्या नावांत पाहिलं. चारशे अठरा म्हणजे सावद्याजवळच्या खेड्यातला तोताराम. हे नाव तिने कधी घरात ऐकलं नव्हतं. वशिला नको म्हणून यंत्र आणलं, असं चारचौघांत सांगणाऱ्या माणसाने यंत्राच्या पोटातच वशिला लपवून ठेवला होता. त्यामागे काय होतं? काय घेतलं होतं त्याने? त्या दिवशी ती घरी जाऊन सासूपुढे उभी राहू शकली नाही. डोकं दुखतंय म्हणून परसात जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी तिने नवा गठ्ठा पंच केला तेव्हा त्या आज्ञा गाळून टाकल्या. कुणाला कळणार होतं? पहिला गठ्ठा नदीत होता, करणारा राखेत होता. तिने ठरवलं, हे आपल्याबरोबर जाईल.

पण यंत्रकामाची एक रीत असते. रीत बदलण्याआधी जुनं आणि नवं दोन्ही एकाच जुन्या हंगामावर चालवून ताडायचं. इंदरचंदजींनी स्वतः ताडलं. अभिमननानाही मुद्दाम येऊन बसले होते. सगळे नंबर जुळले. एक जुळेना.

"हा कोण चारशे अठरा?" इंदरचंदजींनी चष्मा सारला. "जुन्यात पंधरा दिवस आधी, नव्यात बरोबर जागेवर. तुमचं चुकलं की अभयकुमारचं?"

कुसुमलता समोरच्या कागदाची घडी घालू लागली.

"बोला की, वहिनी," अभिमननाना खुर्चीत मागे रेलले. "यंत्राला सगेसोयरे नसतात, असं तुमचे मालक आम्हाला भर सभेत ऐकवून गेले होते. आता हे सगं कुणाचं निघालं?"

"मला दोन दिवस द्या," ती म्हणाली.

"घ्या. पण सभेत सांगावं लागेल. मी नाही सांगितलं तर लोक म्हणतील नानाने झाकलं."

ती सावद्याच्या एस.टी.त बसली. बाजूने केळीच्या बागा पळत होत्या, हिरव्याकंच, घडांवर वाळली पानं पांघरलेल्या. सावद्याहून पायी गेली. तोताराम बांधावर पाणी वळवत होता. उन्हाने रापलेला, गुडघ्यापर्यंत चिखल. त्याने हातपाय धुतले, खाट टाकली, कोण म्हणून विचारलं. नाव ऐकल्यावर तो उभाच राहिला.

"अभयभाऊची घरवाली? भाऊ कुठी?"

तिने सांगितलं. तोताराम खाली बसला.

"दादा, मला खरं सांगा," ती म्हणाली. "तुमचा नंबर त्यांनी पुढे लावला होता. का लावला? काय दिलं होतं तुम्ही?"

"काय देनार मी?" तोताराम गडबडला. "माह्या नंबर पुढे व्हता? मले तं वाटे, देव पाहू राह्यला." मग तो आठवत म्हणाला, "भाऊ आले व्हते एकदा. यंत्र सुरू व्हयाच्या आधी. म्हने, केयी कशी वाढते ते पाहाले आलो. आमच्या घरी भाकर खाल्ली. मी त्याइले वावर दाखोलं. पाहा, हे माहं वावर. खाली बठ्ठा मुरूम. वीतभर माती. इथी केयी तापते, लवकर पिकते. ज्याइची काई जमीन, त्याइची केयी थांबते. माही थांबत नाही. मी म्हनलं, भाऊ, तुमचा कागद म्हनते ते माहं वावर आयकत नाही. ते बांधावर बसले, ढेकूय हातात घेतलं. म्हने, पाहतो."

कुसुमलतेने मातीत हात घातला. बोटांना खडे लागले. वीतभर खालीच मुरूम होता.

कार्डावर ऐंशी घरं असतात, आणि संघाच्या सभासदाच्या कार्डावर ऐंशीच्या ऐंशी भरलेली होती. जमीन कशी आहे हे लिहायला जागा उरलेली नव्हती. म्हणून त्याने सभासदाचा आकडाच घातला होता. आणि शेजारी टिपेचं कार्ड घातलं असणार, मुरमाड जमीन, तपासून पाहिली, असं काहीतरी. तो तसा माणूस होता. टीप घातल्याशिवाय तो आज्ञा देत नसे. ती टीप तिला दिसू लागली, आणि दिसता दिसता ती फुगून, हळद लागून, पुलाखालून निघूनही गेली. यंत्राने आपल्याकडे ठेवलं ते एवढंच, चारशे अठराला पंधरा दिवस. काय केलं ते राहिलं होतं. का केलं ते गेलं होतं.

बायकोला का नाही सांगितलं, हे मात्र तोतारामलाही माहीत नव्हतं. कदाचित एकाला सूट दिली याची त्यालाच लाज वाटली असेल. कदाचित सगळ्यांच्या जमिनी पाहून यायचं त्याच्या मनात असेल, तोवरची ही सोय.

सभा सावद्याला संघाच्या पत्र्याच्या शेडमध्ये भरली. कुसुमलता पदर डोक्यावरून घेऊन उभी राहिली आणि तिने पाहिलेलं, ऐकलेलं सगळं सांगितलं. म्हणाली, "आज्ञा गाळली ती मी. चूक माझी. ती परत घालू द्या. ती खरी आहे."

"कशावरून?" मागून कुणीतरी ओरडलं.

"तोतारामदादांनी सांगितलं."

शेड हसलं. "तोताराम नाही सांगनार तं कोन सांगीन?"

"माही बी जमीन मुरमाड आहे, बाई! माह्यासाठी काऊन नाही घातलं?"

"माह्या तं वावरात दगडच उगवते. मले महिनाभर पुढे घ्या!"

"लिहून ठेवलं असेल ना कुठे?" अभिमननानांनी हात वर करून सगळ्यांना शांत केलं. आवाज मऊ होता. "तुमचे मालक सगळं लिहून ठेवायचे. दाखवा. आम्ही मानू."

तिने दाराकडे पाहिलं. शेडच्या दाराशी झिपरू उभा होता, तिला सोबत म्हणून आलेला. त्याने मान खाली घातली.

"हे पाहा," नाना म्हणाले, "मी मेलेल्या माणसावर चिखल उडवणारा नाही. त्यांनी एक सूट घातली, चुकून म्हणा, दयेने म्हणा. ती काढलेलीच राहू द्या, बाकी यंत्र चालू राहू द्या, अभयकुमारचं नाव त्यावर राहू द्या. नाहीतर सगळंच बंद. नंबर कचेरीत. तुम्ही सांगा."

लोक तिच्याकडे बघत होते. बहुतेक लहान बागांचे मालक होते. यंत्र आल्यापासून पहिल्यांदा ज्यांच्या बागा वेळेवर कापल्या गेल्या होत्या, ते. पुढच्या रांगेत तोताराम होता. त्याच्या चेहऱ्यावर ना राग ना आशा. तो ऐकत होता.

"काढलेलीच राहू द्या," कुसुमलता म्हणाली.

होळीला पूर्ण गाडी सुरू झाली. यंत्राने नंबर लावले, चोख लावले, रीत बदलली तरी कुठे खळखळ झाली नाही. इंदरचंदजींनी मुंबईला कळवलं, आणि तिकडून पेंडीची शेंग झाल्याबद्दल अभिनंदन आलं. सूरजबाईने पेठेत सगळ्यांना सांगितलं की मुलाचं काम सुनेने मेलेलं उठवलं. कुसुमलतेला त्या दिवशीही सासूपुढे उभं राहवेना, ती उशिरापर्यंत यंत्रापाशी बसली.

त्या वैशाखात नंबराच्या चिठ्ठ्या सावद्याच्या कचेरीतून वाटायला तीच गेली होती. खिडकीबाहेर रांग होती. नाव सांगायचं, चिठ्ठी घ्यायची, पुढे व्हायचं. तोतारामने नाव सांगितलं नाही. तिनेही विचारलं नाही. चिठ्ठी त्याच्या हातात दिली.

त्याने तारीख वाचली. ओठांनी मोजलं. मग खिडकीच्या गजांतून तिच्याकडे पाहिलं.

"ताई," तो हळू म्हणाला, "तवरोक केयी थांबत नाही."

"मला माहीत आहे, दादा," ती म्हणाली.

त्याने चिठ्ठी घडी करून खिशात घातली, पण खिडकी सोडली नाही. मागचा माणूस म्हणाला, "चाल ना भो, आमाले बी गाडी पाहा लागते." तोताराम बाजूला झाला, आणि कुसुमलतेने पुढच्याला विचारलं, "नाव?"